राहेलीची खूण

मूळ आख्यान जेथे मौन धरते तेथे कीर्तनकार त्याला बोलते करतो, हे आमच्या परिचयाचे आहे. यहुदी आचार्यांनी हेच कार्य ‘मिद्राश’ या व्याख्यानपरंपरेत केले. कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील चरित्रांवर मराठीतच कीर्तने रचली.

‘उत्पत्ती’च्या २७ व्या अध्यायात याकोब आईच्या सल्ल्याने थोरल्या एसावाची वस्त्रे लेवून, हातांना करडांची कातडी बांधून, दृष्टी अधू झालेल्या पित्याचा आशीर्वाद लाटतो. २९ व्या अध्यायात त्याची परतफेड होते. राहेलीसाठी मामा लाबानाकडे सात वर्षे राबलेल्या याकोबाला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दिसते ती तिची थोरली बहीण लेआ. त्या रात्री बहिणींच्या मनात काय चालले होते, याविषयी मूळ ग्रंथ अवाक्षर काढत नाही.

सुमारे पाचव्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये संकलित झालेल्या ‘बेरेशित रब्बा’त लेआ बोलते. याकोब तिला कपटी म्हणतो, तेव्हा ती विचारते की, पित्याने एसावाला हाक मारली असता ओ कोणी दिली होती? गुरूची विद्या गुरूलाच परत मिळाली. पूर्वजांच्या दोषावर पांघरूण घालण्याची गरज या आचार्यांना वाटली नाही.

बाबिलोनी तालमूद राहेलीची बाजू सांगतो. लाबानाच्या कपटाची शंका येऊन याकोबाने तिला गुप्त खुणा दिल्या होत्या. बहिणीची विटंबना होऊ नये म्हणून तिने त्या लेआला सांगून टाकल्या. करुणेपोटी केलेली का होईना, तीही याकोबाची फसवणूकच होती.

या खुणेचे खरे मोल ‘एखा रब्बा’त कळते. रोमनांनी इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे दुसरे मंदिर जाळल्यानंतरच्या पिढ्यांचा हा ग्रंथ पहिल्या मंदिराच्या विध्वंसाचे चित्र रंगवतो. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे यांची विनवणी व्यर्थ जाते. मग राहेल पुढे होते: हाडामांसाच्या मला सवतीचा मत्सर शिवला नाही, मग दयाघन असून तू निर्जीव मूर्तींचा मत्सर का करावास? हिब्रूतील ‘त्सारा’ या शब्दाचे अर्थ दोन, सवत आणि संकट. देव द्रवतो आणि तिच्यासाठी लेकरांना स्वदेशी परत आणण्याचे वचन देतो.

मंदिर गेले, बलिविधी थांबले. अशा वेळी देशोधडीला लागलेल्या समाजाने आपल्या परतीची आशा कुलपुरुषांच्या पुण्याईवर नव्हे, तर एका बहिणीने अंधारात गिळलेल्या मत्सरावर ठेवली.