आविष्कार (आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा)

आविष्कार ही महाराष्ट्रातील विद्यापीठांचे विद्यार्थी व नवोदित संशोधक यांच्यासाठी भरविली जाणारी राज्यस्तरीय संशोधन स्पर्धा आहे. राज्यपाल हे राज्यातील विद्यापीठांचे कुलपती असतात. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये ती सुरू झाली. यजमानपद निरनिराळ्या विद्यापीठांकडे जाते.

नाव

‘आविस्’ म्हणजे उघड, प्रकट; त्यावरून ‘आविष्कार’ म्हणजे प्रकटीकरण. ‘अविष्कार’ हे लेखन अनेकदा आढळते, परंतु ते अशुद्ध आहे.

गट

स्पर्धेचे सहा विषयगट आहेत :
१. मानव्यविद्या, भाषा व ललित कला
२. वाणिज्य, व्यवस्थापन व विधी
३. मूलभूत विज्ञान
४. कृषी व पशुसंवर्धन
५. अभियांत्रिकी व तंत्रज्ञान
६. वैद्यक व औषधनिर्माणशास्त्र

पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील संशोधक विद्यार्थी अशा स्तरांवर स्वतंत्र परीक्षण होते. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या संशोधकाशी झुंजावे लागत नाही.

स्वरूप

प्रथम भित्तिपत्रक अथवा प्रतिकृती मांडून स्पर्धक परीक्षकांना आपले काम समजावून सांगतो. निवडलेल्या स्पर्धकांना पुढे व्यासपीठावरून सादरीकरण करावे लागते व प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. प्रश्न कसा सुचला, पद्धत कोणती वापरली, निष्कर्षाला आधार काय आणि त्याचा उपयोग कोणता, हे मोजक्या वेळेत स्पष्ट करणे हीच खरी कसोटी असते.

महाविद्यालयातून विद्यापीठ स्तरावर व तेथून राज्य स्तरावर निवड होते. उदाहरणार्थ, मावळ तालुक्यातील उर्से, तळेगाव दाभाडे, लोणावळा या परिसरातील विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकत असल्यास त्या विद्यापीठामार्फत सहभागी होतात. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही तज्ज्ञांसमोर उभे राहण्याची संधी यामुळे मिळते.

तत्सम स्पर्धा

भारतीय विश्वविद्यालय संघाचे ‘अन्वेषण’ हे विद्यार्थी संशोधन संमेलन देशपातळीवर होते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘अवसर’ उपक्रमात पीएच.डी. व पीएच.डी.नंतरचे संशोधक आपले काम सामान्य वाचकांसाठी लिहितात.

इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे २००५ मध्ये सुरू झालेली ‘फेमलॅब’ आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली ‘थ्री मिनिट थीसिस’ या स्पर्धांत तीन मिनिटांत, विषयाबाहेरच्या श्रोत्यालाही कळेल असे बोलावे लागते. आविष्कारमध्ये सादरीकरणाइतकेच संशोधनाच्या आशयाचेही तज्ज्ञांकडून परीक्षण होते, हा त्यांतील मुख्य फरक होय.