मोठ्या समारंभाची कामे सोपविताना...

सीताबर्डी ही नागपूरची मध्यवर्ती पेठ. येथील झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचे मुख्यालय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात भरलेल्या ९६व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच संघाकडे होते. असे संमेलन असो, संस्थेचा सुवर्णमहोत्सव असो वा घरचे लग्नकार्य. मंडप, भोजन, वीज, ध्वनिक्षेपक ही कामे बाहेरच्यांकडे द्यावीच लागतात. काम दुसऱ्याकडे दिले तरी जबाबदारी आयोजकांवर राहते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम कापडाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००९ मध्ये भरपाईसाठी शाळा चालविणारी संस्था व राज्य शासन यांना जबाबदार धरले.

मंडप आणि वीज

तात्पुरत्या मंडपांतील अग्निसुरक्षेसाठी 'आयएस ८७५८' हे भारतीय मानक आहे. बिछायत केंद्राची निवड करताना कापड सुती की कृत्रिम, त्यावर अग्निरोधक प्रक्रिया झाली आहे काय, बाहेर पडण्याचे मार्ग किती व अग्निशामक नळकांडी कोठे राहतील, हे आधी विचारावे. विजेसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी आणि मांडणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे दिव्यांबरोबर कूलरचाही भार आधीच मोजणे आवश्यक ठरते.

भोजन

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये केटररकडे परवाना किंवा नोंदणी असावी लागते. त्यावरील १४ अंकी क्रमांक व मुदत तपासून घ्यावी. चव पाहण्यासाठी घरी पाठविलेल्या डब्यावर विसंबू नये. त्याच केटररचे काम सुरू असलेल्या एखाद्या समारंभात जाऊन स्वयंपाकाची जागा, पाण्याची सोय व वाढप्यांची संख्या पाहावी. ठरल्यापेक्षा पाने वाढल्यास दर काय, हेही आधीच लिहून घ्यावे. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

ध्वनिक्षेपक

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने सूट दिलेले मोजके दिवस याला अपवाद असतात. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या परिसरातील शांतता क्षेत्रात ती ५० आहे. 'परवानगीचे आम्ही पाहून घेऊ' असे सांगणाऱ्याकडून परवानगीपत्राची प्रत मागावी.

दर आणि करार

कामांची एकच यादी तयार करून किमान तिघांकडून दरपत्रके मागवावीत. वाहतूक, मजुरी, वस्तू व सेवा कर आणि जादा तासांचे पैसे त्यात धरले आहेत काय, ते पाहावे. सर्वांत कमी दर देणाऱ्याने यांपैकी काय वगळले, हे शोधल्याशिवाय होकार देऊ नये. पूर्ण रक्कम आगाऊ न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. तारीख बदलल्यास, पाऊस आल्यास वा काम अपुरे राहिल्यास काय, हे करारात असावे. समारंभाच्या दिवशी उपस्थित राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नावही त्यात हवे. घरगुती कार्यात सेवेत त्रुटी राहिल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्यात.

सीताबर्डीत समारंभ असल्यास

दिवसा बाजाराच्या गर्दीतून सामानाचे ट्रक आत आणणे कठीण जाते. त्यामुळे सामान केव्हा उतरवणार, हे पुरवठादाराशी आधीच ठरवावे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी इंटरचेंज स्थानकात मिळतात. निमंत्रणपत्रिकेत तसा उल्लेख केल्यास वाहनतळाचा ताण हलका होतो. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपुरात भरते व लग्नसराईही त्याच सुमारास असते. या काळातील कार्यासाठी काही महिने आधीच बोलणी सुरू करावीत. घाईत कागदपत्रे तपासायला सवड मिळत नाही आणि मिळेल त्याला काम द्यावे लागते.