नव्या बाललसींची निवड (नाशिक जिल्हा)

बालके व किशोरवयीन मुलांसाठी अलीकडे उपलब्ध झालेल्या लसींपैकी कोणत्या घ्यायच्या, हे ठरवण्याची प्रक्रिया. नाशिक जिल्ह्यात हा निर्णय दोन ठिकाणी होतो. उपकेंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लसींची निवड आधीच झालेली असते. पालकांनी मूल वेळेवर नेले की पुरे. खासगी बालरोगतज्ज्ञाकडचा तक्ता याहून लांब असतो आणि त्यातल्या विकतच्या लसींचे घरानेच ठरवायचे असते. दोन्ही तक्त्यांत विरोध नाही, पण क्रम आहे: मोफत लसी पूर्ण केल्याशिवाय विकतच्या लसींचा विचार करण्यात अर्थ नाही.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा क्षय, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि गोवर या सहा रोगांवर लसी होत्या. पुढे कावीळ-ब आणि हिब जिवाणूपासूनही संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस आली. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून सुरू झाली, रोटाव्हायरस लस २०१९ मध्ये आणि न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये दाखल झाली. त्यामुळे दीड महिन्याच्या बाळाला आता एकाच बैठकीत डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओची बारीक सुई आणि तोंडावाटे पोलिओ व रोटा असे पाच डोस मिळतात. तीन सुया पाहून आजीचा जीव कळवळतो आणि एखादी सुई पुढच्या खेपेला ढकलली जाते. या लसी एकत्र दिल्याने अपाय होत नाही. ढकललेल्या सुईमुळे मात्र ज्या वयात न्यूमोनिया सर्वांत घातक, त्याच वयात बाळ उघडे पडते.

सरकारी यादीत नवी लस घ्यावी का, याची शिफारस राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट करतो. रोगाने देशात किती मुले दगावतात, लस किती सुरक्षित व गुणकारी आहे, खर्च पेलेल का, पुरवठा टिकेल का आणि शीतसाखळीत जागा आहे का, हे पाहिले जाते. शेवटचा मुद्दा कागदावर किरकोळ दिसतो. सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावर तोच मोठा होतो. तिथे व्हॅक्सिन कॅरिअरमधून कुपी पोहोचली की नर्सबाई आधी तिच्यावरची खूण पाहते: गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असेल, तरच लस वापरायची.

रोटाव्हायरस लसीची कार्यक्षमता अनेकांना निराश करते. दिल्ली, पुण्याजवळचे वढू आणि वेल्लोर येथे झालेल्या चाचणीत रोटाव्हॅक या लसीने तीव्र जुलाबांची निम्म्याहून थोडी अधिक प्रकरणे टाळली. तरीही तिची शिफारस झाली, कारण रोग इतका पसरलेला आहे की त्याचा निम्मा भार हटला तरी हजारो बाळांचे रुग्णालयात जाणे टळते. ‘शंभर टक्के नाही, मग कशाला’ हा सवाल म्हणूनच टिकत नाही. या लसीला वयाचे बंधन आहे. आतड्यात आतडे शिरण्याचा विरळ धोका लक्षात घेऊन पहिला डोस एका वर्षाच्या आतच देतात.

किशोरवयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लसीचा आहे आणि त्याचा पुरावा उभा करण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. २००९ मध्ये बार्शी व पुण्यासह देशातील काही केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली. त्याच सुमारास आंध्र प्रदेश व गुजरातमधील वेगळ्या प्रकल्पात संमती घेण्याच्या पद्धतीवरून वाद उठला आणि २०१० मध्ये सरकारने हे लसीकरणही थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या एका डोसानेही एचपीव्ही विषाणूच्या १६ व १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ पासून उपलब्ध आहे. लस आधी झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून तिचे वय ९ ते १४. गर्भाशयमुखाची तपासणी पुढे करावीच लागते. पैसे भरण्याआधी आरोग्य केंद्रात मोफत डोसाची चौकशी करणे शहाणपणाचे.

विकतच्या लसींत विषमज्वराच्या कॉन्जुगेट लसीचा क्रम वरचा लागतो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी तिची सार्वजनिक मोहीम घेतली होती. कांजिण्या, कावीळ-अ, गालगुंड आणि फ्लूच्या लसी ऐपतीनुसार. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाला मात्र फ्लूची लस आधी. जपानी मेंदूज्वराची लस राज्यात ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते.

नव्या लसींच्या चर्चेत जुनी लस राहून जाते, हे मालेगावने दाखवले. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडीबरोबर या यंत्रमागाच्या शहरातही गोवराचा उद्रेक झाला आणि ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी जादा डोस द्यावे लागले. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षहंगामात निफाड-दिंडोरीकडे उतरतात, तेव्हाही डोस चुकतात. लसीकरणाचे कार्ड सोबत असेल तर मळ्याजवळच्या केंद्रातही पुढचा डोस मिळतो. कार्ड हरवले म्हणून केंद्राने मूल परत पाठवू नये. मध्ये कितीही दिवस गेले तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

१० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा टीडी डोस शाळेत मिळतो. या वयात सुईनंतर भोवळ येऊ शकते, म्हणून डोस बसवून देतात आणि मुलांना लगेच वर्गात न पाठवता बाकावर थांबवून ठेवतात.