साहाय्यक तटरक्षक दल, अमेरिकेचे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या तटरक्षक दलाला विनावेतन साहाय्य करणारी आणि हौशी नौकाविहारात सुरक्षिततेचा प्रसार करणारी नागरी स्वयंसेवकांची संघटना. अमेरिकन काँग्रेसने २३ जून १९३९ रोजी संमत केलेल्या कायद्यान्वये ती स्थापन झाली. ती खाजगी संस्था नसून तटरक्षक दलाचाच कायदेशीर घटक आहे. मात्र तिचे सदस्य सैनिक नसतात. नागरिकाने नागरिक राहूनच शासनाच्या कार्यात कोठवर सहभागी व्हावे, हा प्रश्न तिच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

पार्श्वभूमी व स्थापना : महसूल नौकासेवा आणि सागरी जीवरक्षक सेवा यांच्या एकत्रीकरणाने २८ जानेवारी १९१५ रोजी तटरक्षक दल अस्तित्वात आले. पुढील दोन दशकांत यांत्रिक नौकांचा प्रसार झाला व नौकाविहार ही केवळ धनिकांची हौस राहिली नाही. १९३९ पर्यंत संघराज्याच्या अखत्यारीतील जलप्रदेशांत तीन लाखांहून अधिक खाजगी नौका फिरत होत्या. त्यांच्या चालकांपैकी अनेकांना मार्गनियम, हवामानाची लक्षणे वा संकटसंकेत यांची पुरेशी माहिती नसे. त्यामुळे बचावकार्याचा भार वाढत गेला. दुसऱ्या बाजूस, याच वर्गात कुशल व स्थानिक पाण्याचे जाणकार असे नौकामालकही होते. त्यांच्या नौका व अनुभव यांचा उपयोग करून घ्यावा, अशी सूचना मॅल्कम स्ट्यूअर्ट बॉयलन यांनी १९३४ मध्ये तटरक्षक अधिकारी फ्रान्सिस पॉलर्ड यांना लिहिलेल्या पत्रात केली होती.

१९३९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संघटनेचे मूळ नाव ‘तटरक्षक राखीव दल’ असे होते. सागरी जीवितरक्षण, नौकाचालकांचे कौशल्यवर्धन, कायद्यांविषयी जागृती व तटरक्षक दलास मदत हे तिचे उद्देश होते. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर १९ फेब्रुवारी १९४१ रोजी नवा कायदा करण्यात आला. त्यानुसार ‘राखीव दल’ हे नाव नव्या लष्करी शाखेस मिळाले आणि नागरी संघटना ‘साहाय्यक दल’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

दुसरे महायुद्ध : १९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मालवाहू व तेलवाहू जहाजे मोठ्या संख्येने बुडविली. त्यांना तोंड देण्यास गस्तीनौका अपुऱ्या पडल्याने खाजगी क्रीडानौका सेवेत घेण्यात आल्या. शिडाच्या नौकांना एंजिनाचा आवाज नसल्याने पाणबुडीला त्यांची चाहूल सहसा लागत नसे, हा त्यांचा विशेष लाभ होता. नाना व्यवसायांतील लोकांच्या या ताफ्यास ‘हूलिगन नेव्ही’ असे थट्टेचे नाव मिळाले. पाणबुड्यांचा उपद्रव ओसरला तो प्रामुख्याने युद्धनौकांच्या संरक्षणाखाली जहाजांचे तांडे नेण्याच्या पद्धतीमुळे आणि हवाई गस्तीमुळे. तथापि टेहळणी करणे व बुडालेल्या जहाजांवरील खलाशांना वाचविणे ही कामे या छोट्या नौकांनी केली. निःशस्त्र नागरिकाला युद्धकार्यावर पाठविण्यातील अडचण लक्षात घेऊन १९४२ मध्ये तात्पुरत्या राखीव सेवेची तरतूद व्यापक करण्यात आली. तीनुसार स्वयंसेवकांना मर्यादित काळासाठी लष्करी दर्जा मिळे. साहाय्यक दलातील सु. ५०,००० सदस्य युद्धप्रयत्नांत सामील झाले. बंदरांतील पहाऱ्याचे काम त्यांपैकी अनेकांनी केले. युद्धानंतर ही तात्पुरती सेवा संपुष्टात आली आणि दल पुन्हा पूर्णतः नागरी झाले.

युद्धोत्तर कार्य : १९५० पर्यंत दलाच्या कार्याची नौकातपासणी, लोकशिक्षण, प्रत्यक्ष गस्त व बचाव, आणि सदस्यांतील बंधुभाव ही चार अंगे निश्चित झाली. यांपैकी नौकातपासणीची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. मालकाच्या संमतीनेच व विनामूल्य केल्या जाणाऱ्या या तपासणीत जीवरक्षक जाकिटे, अग्निशामके, दिवे, संकटसंकेताची साधने इ. पाहिली जातात. नौका योग्य ठरल्यास तिच्यावर प्रमाणपट्टी लावण्यात येते; उणीव आढळल्यास मालकाला ती समजावून सांगतात, परंतु दंड करीत नाहीत व अंमलबजावणी अधिकाऱ्यांस कळवीतही नाहीत. मालक आपले दोष न लपविता तपासणीस तयार होतो, तो या विश्वासामुळेच.

१९७३ मध्ये खर्चकपातीमुळे पंचमहासरोवरांवरील सात तटरक्षक केंद्रे बंद करण्यात आली. संबंधित राज्यांनी मागणी केल्यावर ती साहाय्यक दलाच्या मदतीने चालविण्यात आली. १९९६ च्या कायद्याने दलाचे कार्यक्षेत्र आणखी विस्तारले. प्रत्यक्ष कायदा-अंमलबजावणी व लष्करी कारवाई वगळता, तटरक्षकप्रमुखांनी मान्य केलेल्या कोणत्याही कामात सदस्य आता मदत करू शकतात. त्यांना अटक करण्याचा अधिकार नाही व ते शस्त्र बाळगीत नाहीत.

संघटना : नौकापथक हा दलाचा मूळ घटक असून त्यावर विभाग, जिल्हा व राष्ट्रीय अशा पातळ्या आहेत. पदाधिकारी निवडून दिले जातात. त्यांची चिन्हे तटरक्षक अधिकाऱ्यांच्या चिन्हांशी मिळतीजुळती असली, तरी त्यांना लष्करी हुद्दा नसतो. सदस्य स्वतःच्या नौका व विमाने वापरतात. अधिकृत आदेशाने काम करीत असताना इंधनखर्च भरून दिला जातो आणि इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. श्रमाचा मोबदला मात्र नसतो.

मूल्यमापन : अमेरिकेत १९७३ मध्ये नौकाविहारातील अपघातांत १,७५४ व्यक्ती मृत्यू पावल्या, २०२३ मध्ये ही संख्या ५६४ होती. या घटीचे श्रेय एकट्या साहाय्यक दलाचे नाही. १९७१ च्या संघीय नौकासुरक्षा कायद्याने नौकाबांधणीस लावलेली मानके, राज्यांचे कायदे व सुधारलेली साधने यांचाही त्यात वाटा आहे. मात्र कायद्याची पोच मर्यादित असते, हेही आकडेवारीवरून दिसते. २०२३ मध्ये मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी ७५ टक्के व्यक्ती बुडून मेल्या आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जाकिटाविषयी नोंद होती, अशा ८७ टक्के व्यक्तींनी ते घातलेले नव्हते. जाकीट नौकेवर असावे अशी सक्ती कायदा करू शकतो. ते अंगात घालण्याची सवय बहुतांशी समव्यसनी माणसाच्या सांगण्यानेच लागते. साहाय्यक दलाचे खरे महत्त्व तेथे आहे.