शब्दवेध : सूची

संस्कृतात ‘सूची’ म्हणजे सुई. प्राकृतातल्या ‘सूई’वाटे तीच मराठीत सुई झाली. ‘सूच्’ म्हणजे दाखवणे, खुणावणे. सूचना, सूचक हे शब्द त्याच धातूचे. टोकदारपणा आणि नेमकं दाखवणं, दोन्ही अर्थ सूचीत नांदतात. लॅटिन ‘इंडेक्स’ही मुळात दाखवणारं बोट. आपण मात्र त्याच बोटाला तर्जनी, म्हणजे धाक घालणारी, म्हटलं!

पुण्याला सूचीचं मोल संगणकाआधीच उमगलं होतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली आणि पाठोपाठ प. ल. वैद्य यांनी संपादित केलेली प्रतीकसूची आली. श्लोकाचा एखादा चरण आठवला, की पर्व-अध्याय हाती लागतो. केवढं अफाट काम!

संकेतस्थळाची सूची आज शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, करतो. त्याला दोन निरोप देता येतात, आणि गल्लत इथंच होते. १९९४पासून रूढ असलेली ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल सांगते, या पानाकडे फिरकू नकोस. पानातच लिहिलेला ‘नोइंडेक्स’ हा टॅग सांगतो, वाच, पण सूचीत घेऊ नकोस. दोन्ही एकदम लावले तर क्रॉलर पान उघडतच नाही, मग दुसरा निरोप त्याला कळणार कसा? इतरांनी दिलेल्या दुव्यांवरून त्या पानाचा पत्ता तरीही सूचीत येऊ शकतो.

ग्रंथालयांची, संस्थांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना विनंती : सूचीतून वगळायच्या पानाला नोइंडेक्स लावा आणि क्रॉलरला ते वाचू द्या. खासगी कागद मात्र पासवर्डाआडच ठेवा.