तार ओढायची कुणी?

माझा मामेभाऊ सांगलीला असतो, वय वर्षं सतरा. मागच्या मे महिन्यात त्याने फोनवर तक्रार केली, "दादा, माझ्याशी कोणी खेळतच नाही." मला आधी वाटलं क्लासमधलं काही असेल. पण तो 'स्ट्रीट फायटर ६' बद्दल बोलत होता. या खेळात ऑनलाइन सामना जुळला की समोरच्याच्या नावाशेजारी एक बारकं चिन्ह दिसतं. त्याचा कन्सोल तारेने जोडलाय की वायफायने, ते त्यावरून कळतं. वायफायचं चिन्ह दिसलं की पुष्कळ लोक सामना नाकारतात. मामाच्या घरी राउटर पुढच्या खोलीत आहे आणि याचा कन्सोल माडीवर.

मी त्याची समजूत घातली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वायफायचं चिन्ह दिसलं की मीही नकारच देतो.

त्यामागचं कारण मला व्यवसायामुळे माहीत आहे आणि ते वेगाचं नाही. मारामारीच्या खेळात सेकंदाला ६० चित्रं उमटतात, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. खेळासाठी जाणारा-येणारा डेटा अगदीच किरकोळ असतो, सिनेमा बघायला त्याच्या कितीतरी पट लागतो. प्रश्न भरवशाचा आहे. एक एसटी रोज बरोबर दोन तासांत पोचवते आणि दुसरी बहुतेक वेळा एका तासात, पण मधूनच तीन तास लावते. सरासरी दुसरीची चांगली असेल, पण परीक्षेला जायचं असेल तर आपण पहिलीच पकडतो. वायफाय ही दुसरी एसटी.

गंमत म्हणजे तारेचं हे तंत्र हवेतूनच जन्माला आलं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या बेटांवरून एकाच संगणकाशी बोलायचं होतं. समुद्रातून तारा टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून १९७१ साली त्यांनी रेडिओवर 'अलोहानेट' सुरू केलं. नियम अगदी साधा होता. बोलायचंय, बोलून टाका. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाईल. पोच आली नाही की थोडा वेळ थांबून पुन्हा बोला, आणि किती थांबायचं ते ज्याने-त्याने फासे टाकल्यासारखं ठरवायचं. या पद्धतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते, हे गणिताने सिद्ध करता येतं. बाकी सगळी टक्कर आणि शांतता.

हे गणित बॉब मेटकाफ यांनी वाचलं, आणि १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत तेच तत्त्व एका जाड तारेत कोंबलं. नाव ठेवलं ईथरनेट. ईथर म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असं एकोणिसाव्या शतकात मानलं जाई, ते अस्तित्वातच नसलेलं द्रव्य. तारेत एक सोय होती, बोलता बोलता ऐकता येत होतं, त्यामुळे टक्कर झाल्याचं लगेच कळायचं. पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळाली, जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी झाली, आणि टक्कर हा प्रकारच संपला. हवेत मात्र ती सोय नाही. स्वतःच्या रेडिओच्या आवाजात दुसऱ्याचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. म्हणून वायफाय आधी कानोसा घेतं, मनात एक आकडा धरून थांबतं, मग बोलतं आणि पोचेची वाट बघतं. शेजारच्या चार घरांचे राउटर त्याच पट्ट्यात असले तर त्यांच्याही पाळ्या धरायच्या. अब्रॅमसन यांचे फासे माझ्या मामाच्या घरात अजून पडतायत.

आता कन्सोलकडे वळू. टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राला फोनची तार लावायची कल्पना फार जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत अटारी २६०० साठी 'गेमलाइन' नावाची सेवा निघाली आणि लवकरच बुडाली. तिच्या अवशेषांतून जी कंपनी उभी राहिली ती पुढे अमेरिका ऑनलाइन झाली. १९८८ साली जपानमध्ये निन्टेंडोने फॅमिकॉमला मोडेम दिला, तो शेअरबाजारासाठीही वापरला जाई. पण दोन घरांतल्या दोन पोरांची मारामारी लावून देणारं पहिलं नाव घेण्यासारखं यंत्र म्हणजे १९९४ चं 'एक्सबँड'.

एक्सबँडवर माझा जीव आहे, म्हणून जरा थांबतो. कॅटापल्ट एंटरटेनमेंट या कंपनीचा हा मोडेम सेगा जेनेसिसच्या खाचेत बसायचा आणि खेळाचं कार्ट्रिज त्याच्या डोक्यावर. मोडेम आधी कंपनीच्या सर्व्हरला फोन लावायचा, सर्व्हर जोडीदार शोधून द्यायचा, आणि मग एका घरातलं यंत्र दुसऱ्या घरी थेट फोन करायचं. वेग होता सेकंदाला २४०० बिट. ६० ने भागा, एका चित्रामागे ४० बिट मिळतात. जेनेसिसच्या साध्या पॅडवर चार दिशा आणि चार बटणं, म्हणजे आठ बिटांत सगळं मावतं. कोणतं बटण दाबलं, तेवढंच पाठवायचं. दोन्हीकडे खेळ तोच, सुरुवात तीच, बटणं तीच, तर चित्रही तेच उमटणार. 'मॉर्टल कॉम्बॅट' सारखे जे खेळ ऑनलाइनसाठी लिहिलेलेच नव्हते, ते चालू असताना आतल्या आत बदलून एक्सबँडने ते चालवले. माझ्या ऑफिसात अशी युक्ती कोणी सुचवली तर कोड रिव्ह्यूत त्याचं काही खरं नाही.

आणि ती चालली, कारण फोनची तार मंद असली तरी इमानी होती. एकदा कॉल लागला की तो मार्ग त्या दोघांचाच. उशीर व्हायचा, पण प्रत्येक वेळी तितकाच. तिचा शत्रू घरातच होता. आतल्या खोलीतला दुसरा रिसीव्हर आईने उचलला की सामना संपला. म्हणजे तेव्हाही तारेचा प्रश्न घर कुणाचं आणि फोन कुणाचा, इथेच येऊन ठेपत होता.

सेगाने पुढचं पाऊल टाकलं ते पदरमोड करून. १९९८ साली जपानमध्ये आलेल्या ड्रीमकास्टच्या प्रत्येक यंत्रात मोडेम होता. दर यंत्रामागे सुमारे १५ डॉलर खर्च वाढत होता आणि कंपनीतल्या अनेकांचा विरोध होता, तरी अध्यक्ष इसाओ ओकावा मागे हटले नाहीत. इंटरनेट हेच भविष्य आहे, असा त्यांचा ठाम विश्वास होता. तो खरा ठरला, फक्त सेगासाठी नाही. जानेवारी २००१ मध्ये ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि मार्चमध्ये ओकावा वारले. जाण्यापूर्वी त्यांनी कंपनीकडचं आपलं कर्ज माफ केलं आणि स्वतःचे शेअरही तिलाच दिले. तार कंपनीने ओढायची, या भूमिकेची इतकी किंमत दुसऱ्या कुणी मोजल्याचं मला आठवत नाही.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स आणला, त्याला मोडेम नव्हताच. मागे फक्त ईथरनेटचं भोक. तेव्हा अमेरिकेतही बहुसंख्य घरं डायलअपवर होती, म्हणून हा निर्णय उद्दाम वाटला. जे. अॅलर्ड यांच्यासारखी मंडळी त्यामागे होती आणि हिशोब असा की ब्रॉडबँड येणारच आहे, अर्धवट सोय करून खेळ बिघडवायचा कशाला? एक्सबॉक्स लाइव्ह यायला वर्ष लागलं. तोवर 'हेलो' खेळणारी पोरं चार चार कन्सोल एका घरात आणून, तारांनी जोडून, सोळा जण खेळत. काहींनी संगणकावरच्या सॉफ्टवेअरने कन्सोलला फसवलं. दूरच्या शहरातलं यंत्र याच घरातल्या तारेवर आहे, असं त्याला वाटायला लावलं. ही फसवाफसवी लक्षात ठेवा.

एक साधी गोष्ट मात्र या सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, ती म्हणजे घराचा नकाशा. ब्रॉडबँडचा मोडेम फोनच्या सॉकेटजवळ किंवा संगणकाच्या टेबलावर असतो आणि टीव्ही असतो बैठकीत. मधली दहा-बारा मीटर कोणाच्याच खर्चात धरलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी वायफायचा जोड वेगळा विकला, जवळपास शंभर डॉलरला. २०१० च्या नव्या मॉडेलपर्यंत तो यंत्रात आला नाही. सोनीने २००६ च्या प्लेस्टेशन ३ च्या महाग मॉडेलमध्ये वायफाय दिलं, स्वस्तात फक्त तार. आणि निन्टेंडोने त्याच वर्षी वी आणला, त्यात वायफाय होतं आणि ईथरनेटचं भोकच नव्हतं. तार हवी असेल तर यूएसबीला लावायचा अॅडॉप्टर वेगळा विकत घ्या.

यावरून निन्टेंडोला नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो, आता मत थोडं बदललंय. वी हा आजी-आजोबांसकट सगळ्यांनी बैठकीत खेळायचा होता. बैठकीतून आडवी तार गेली असती तर तो त्या बैठकीत आलाच नसता. चूक पुढची आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' आला तेव्हा ऑनलाइन खेळायला तार वापरा असा सल्ला कंपनीच देत होती, आणि ज्या स्विचवर तो खेळायचा त्याच्या डॉकला तार लावायला जागाच नव्हती. ती २०२१ च्या ओलेड मॉडेलबरोबर आली.

दरम्यान सॉफ्टवेअरने आपल्या परीने उपाय केला. जुन्या पद्धतीत दोन्हीकडची बटणं कळेपर्यंत खेळ थांबायचा. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास 'जीजीपीओ' लिहिलं, त्याची रीत वेगळी. समोरचा आत्ता जे करतोय तेच पुढच्या क्षणी करेल असं धरून खेळ पुढे न्यायचा, आणि अंदाज चुकला तर काही चित्रं मागे जाऊन पुन्हा खेळायचं. याला रोलबॅक म्हणतात. एकसारखा उशीर यात सुंदर लपतो, पण मधूनच येणारा झटका लपत नाही. समोरचा खेळाडू एका जागेवरून नाहीसा होऊन दुसरीकडे उगवतो आणि तोवर आपण मार खाल्लेला असतो.

मग उरला माणसांनी करायचा उपाय. २०२० मध्ये महामारीने सगळ्या स्पर्धा घरात कोंडल्या आणि वायफायवाल्यांवरचा राग शिगेला पोचला. त्याच वर्षाअखेरीस 'टेकन ७' मध्ये समोरचा वायफायवर आहे का हे दाखवणारी खूण आली. पुढच्या खेळांनी ती उचलली. जी दहा मीटर तार कोणत्याच कंपनीने मोजली नव्हती, ती आता खेळाडूच्या नावाशेजारी लटकवली गेली.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. माझ्या लहानपणी इंटरनेट गच्चीवरून यायचं. केबलवाला या इमारतीवरून त्या इमारतीवर तार फेकायचा आणि खिडकीच्या गजातून आत घ्यायचा. तार ही तेव्हा रस्त्याची गोष्ट होती, घरात आली की दोन हातांवर संपायची. त्यात आपल्या भिंती. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे असतात, त्यातून रेडिओलहरी सहज जातात. नऊ इंची विटेतून आणि काँक्रीटच्या स्लॅबमधून जाताना त्यांचा जीव जातो. म्हणजे तार जिथे जास्त गरजेची, तिथेच ती टाकणं अवघड. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या घरात मालकांनी भिंतीला ड्रिल लावायला मनाई केलीय. माझी पंधरा मीटरची केबल दाराखालून जाते आणि रूममेट आठवड्यातून एकदा तिला अडखळतो. मी सामने नाकारतो ते या पंधरा मीटरच्या जोरावर.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा केबलचं बंडल घेऊनच गेलो. जिन्यावरून तार नेऊ म्हटलं, तर मामी म्हणाली, "जिन्यावरून अजिबात नको रे, आजी पडायच्या." आजी खरंच रोज त्याच जिन्याने वर देवघरात जातात. बंडल पिशवीतच राहिलं.

महिन्याभराने भावाचा मेसेज आला, आता सगळे खेळतात म्हणून. विचारलं तर कळलं, त्याने एक रिपीटर विकत घेतला. तो माडीवर लावला, हवेतून राउटरला जोडला, आणि रिपीटरच्या मागच्या भोकातून वीतभर तार कन्सोलला. कन्सोलला फक्त ती वीतभर तार दिसते. हवा तीच, भिंती त्याच, झटकेही तेच.

परवा आम्ही दोघं खेळलो. त्याचा लढवय्या दोनदा हवेत गायब होऊन माझ्या पाठीमागे उगवला. नावाशेजारी तारेचं चिन्ह होतं. "दादा, कसं चाललंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मस्त, परत लाव."