जाहीर नकार आणि आपण

अकलोलीला तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त अजून तापलेले आहे, म्हणून हे पाणी गरम, असे लहानपणी आईने मला सांगितले होते. आईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि वर येते, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज मी शिकवतो. पण कुंडावर येणाऱ्या माणसाला पाण्याचे हे साधे कारण सांगायला अजूनही धीर गोळा करावा लागतो. देवाची बाजू मात्र रस्त्याच्या प्रत्येक वळणावर फलक लावून उभी आहे. तिला कोणी जाहिरात म्हणत नाही. 1739 साली वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचा नवस फेडला. लढले आणि मेले ते शिपाई. श्रेय देवीच्या नावावर जमा झाले.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या वस्तीतले विहार. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी त्याच्या भिंतीला नवा रंग द्यायचा ठरला. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लिहिलेल्या आहेत. बैठकीत एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘‘सर, पहिल्या तेवढ्या वगळू या. समता, करुणा ठेवू. येणाऱ्या-जाणाऱ्यांना देवांची नावे खटकतात. उगाच वाद कशाला?’’ पोरगा भित्रा नव्हे. वस्तीच्या पाण्यासाठी त्याने अर्ज-विनंत्या केल्या आहेत, गावाशी त्याचे रोजचे काम पडते. त्याचा प्रश्न खरा होता. म्हणून त्याचे उत्तर इतिहासात शोधणे मला भाग पडले.

नास्तिकतेची जाहिरात म्हटली की सुशिक्षितांना लंडनच्या बसगाड्या आठवतात. 2008 साली तिथल्या बसवर एक धार्मिक जाहिरात लागली. त्या जाहिरातीने ज्या संकेतस्थळाकडे बोट दाखवले होते, तिथे अश्रद्धांना नरकाची भीती घातलेली होती. ते पाहून आरियान शेरीन या लेखिकेने उलट जाहिरातीची कल्पना मांडली. साडेपाच हजार पौंड हवे होते. दीड लाखाच्या वर जमले. जानेवारी 2009 मध्ये ब्रिटनभर सुमारे 800 बसगाड्यांवर मजकूर झळकला: देव बहुधा नाही, तेव्हा काळजी सोडा आणि जगणे उपभोगा. तिथल्या जाहिरात-नियामक संस्थेकडे 326 तक्रारी गेल्या. संस्थेने ठरवले की हे जाहिरातदाराचे मत आहे, त्याचा पुरावा मागता येत नाही. म्हणून चौकशीचे कारण नाही. वाद ‘बहुधा’ या शब्दाभोवती फिरला आणि विरला.

आपल्याकडे याच्या अर्धशतक आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला लाखोंच्या समुदायाने उघड्या मैदानात देव नाकारले. बाबासाहेबांनी तिथे ‘बहुधा’ म्हटले नाही. पण त्यांनी देवाच्या अस्तित्वावर व्याख्यानही दिले नाही. प्रतिज्ञेचा कर्ता ‘मी’ आहे. मी या देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही. हे विश्वाविषयीचे अनुमान नाही. वर्तनाचा करार आहे. त्याच क्रमात पुढे सर्व मनुष्यमात्र समान असल्याचे येते. ज्या देवाच्या नावाने माणूस तळ्यावरून हाकलला गेला, तो देव मानून समतेचे पाणी पिता येत नाही. 1927 साली महाडला आपल्या स्पर्शाने ‘बाटलेले’ तळे पंचगव्याने शुद्ध करणाऱ्यांनी हे आपल्याला शिकवले होते. लंडनच्या बसला प्रवाशाची काळजी मिटवायची होती. आपल्या नकाराला व्यवस्था मोडायची होती. म्हणून आपल्याकडचा वाद एका शब्दावर थांबत नाही. तो ‘हे बोलणारे तुम्ही कोण?’ इथे पोचतो.

1987 साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. जानेवारी 1988 मध्ये अमरावतीला ग्रंथ जाळला गेला. शासन परिशिष्ट वगळायला निघाले. 5 फेब्रुवारी 1988 ला मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. अखेर मजकूर राहिला. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडली गेली. तेव्हाही समंजस माणसे हेच सुचवत होती: तेवढे वगळा. तामिळनाडूत पेरियारांच्या पुतळ्यांखालील देव नाकारणारी वाक्ये काढा, ही मागणी 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळली. पण ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीत सामुदायिक दीक्षा-समारंभात याच प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या, आणि तिथे हजर असलेले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना राजीनामा द्यावा लागला. दीक्षाभूमीवर स्तंभावर कोरलेले शब्द उच्चारण्याची ही किंमत!

मात्र आपलीही झडती घेतली पाहिजे. भिंतीवर प्रतिज्ञा आणि मनगटात गंडा, अशी घरे आपल्यात आहेत. माझी आई अंगाला खाज सुटली की आजही कुंडावर जाते आणि उतरताना हात जोडते. मी तिला कधी हसलो नाही. दवाखाना दूर आणि महाग असेल तर माणूस कुंडच गाठणार. तिच्याशी बोलणे, तिला दवाखान्यात नेणे हे माझे काम. ते न करता मी नुसती भिंत रंगवली, तर माझा नकार बसवरच्या जाहिरातीहून फार मोठा उरत नाही.

मी बैठकीत एवढेच म्हणालो, ‘‘वाद नको म्हणून आज पहिल्या वगळल्या, तर उद्या समतेची ओळही कोणाला तरी खटकेल. ती खटकतेच.’’ बराच वेळ चर्चा झाली. बावीसच्या बावीस लिहायचे ठरले. शिवाय महिन्यातून एकदा भिंतीसमोर बसून एकेका प्रतिज्ञेवर बोलायचे, गावातल्या कोणालाही प्रश्न विचारू द्यायचे, हेही ठरले. पहिल्या दिवशी दोनच माणसे बाहेरची आली. एकाने विचारले, ‘‘मग पाणी गरम कसे?’’

तिथूनच सुरुवात केली.